दाणे बंद करण्याआधी

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आमचं नाशकात रविवार कारंज्याजवळ किराणा आणि सुकामेव्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी आणि हे मिळून बघतो. म्हणजे मी 'बदाम खा, अक्रोड खा' असं लिहिलं तर त्यात माझा धंदा आहे, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. पण आज मी जास्त करून शेंगदाण्याबद्दल लिहिणार आहे, आणि शेंगदाण्यात दुकानदाराला किलोमागे फारसं काही सुटत नाही.

लिहायचं कारण असं, की हल्ली गिऱ्हाइकांच्या हातात एक कागद वारंवार दिसतो. अँजिओग्राफी झाली, किंवा नुसतं रक्त तपासल्यावर कोलेस्टेरॉल वाढलेलं आलं, की कुठून ना कुठून आहाराचा छापील तक्ता मिळतो. त्यात 'बंद' या रकान्यात एकाच ओळीत सगळे बसवलेले असतात: तूप, लोणी, खोबरं, शेंगदाणे, काजू. घरातली माणसं घाबरलेली असतात, ती तो कागद फ्रिजवर चिकटवतात आणि किराण्याच्या यादीतून दाणे खोडून टाकतात.

पंचवटीतले एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे नेहमी येतात. मागे एकदा म्हणाले, "वहिनी, यादीतले दाणे काढा. मला बंद केलेत."

"मग संध्याकाळी चहाबरोबर काय घेता, काका?"

"खारी नाहीतर टोस्ट. हलकं असतं ना."

ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. खारी हातात घेतली तर हलकी लागते, पण ती मैद्याची, आणि थर सुटावेत म्हणून तिच्यात वनस्पती तुपासारखं घट्ट फॅट घातलेलं असतं. हृदयासाठी चांगली गोष्ट सोडून माणूस नेमकी वाईट गोष्ट धरतो, आणि तेही पथ्य पाळतोय या समाधानात. अशी किती घरं असतील आपल्या नाशकात!

मी होम सायन्स शिकलेली आहे. दुपारी दुकानात वर्दळ नसते तेव्हा गल्ल्यावर बसून या विषयावरचं मिळेल ते वाचते. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाल्यापासून तर जास्तच, कारण अण्णांच्या ताटात काय वाढायचं हे मलाच ठरवायचं होतं.

तर पहिली गोष्ट कोलेस्टेरॉलची. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. शेंगदाण्यात, बदामात, काजूत ते नसतंच. या सगळ्यांत तेल भरपूर असतं हे खरं, शेंगदाण्याचा तर जवळपास निम्मा भाग तेलच. पण रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं ते मुख्यतः संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात ते ७ ग्रॅमच्या आसपास असतं. बदामात त्याहूनही कमी, चारेक ग्रॅम. बाकीचं तेल हृदयाला मानवणारं. उलट सुकं खोबरं घ्या: त्यात १०० ग्रॅमला ६० ग्रॅमच्या वर फॅट, आणि त्यातलं नऊ दशांश संपृक्त. म्हणजे त्या तक्त्यात खोबऱ्याबद्दल लिहिलंय ते बरोबर आहे. पण खोबऱ्याची वाटी आणि शेंगदाणे एका ओळीत कशी येतात? आमच्या दुकानात ती शेजारशेजारच्या डब्यांत असतात, एवढंच त्यांचं नातं.

आता अभ्यासांकडे येते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लोमा लिंडा नावाचं गाव आहे. तिथल्या विद्यापीठानं ॲडव्हेंटिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या ३१ हजारांहून जास्त लोकांची सहा वर्षं नोंद ठेवली आणि १९९२ साली निष्कर्ष छापला. हे लोक बहुतेक सिगारेट-दारू घेत नाहीत, बरेचसे शाकाहारी, म्हणजे राहणीनं एकमेकांच्या जवळचे. तरी त्यांच्यात आठवड्याला चारपेक्षा जास्त वेळा असे दाणे-बदाम खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका, आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांच्या मानानं निम्मा निघाला. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते असं, की ते लोक जे खात होते त्यातला जवळजवळ एक तृतीयांश वाटा शेंगदाण्यांचाच होता.

त्यानंतर १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ८६ हजार परिचारिकांच्या अभ्यासातही तोच कल दिसला: आठवड्याला दीडशे ग्रॅमच्या आसपास खाणाऱ्या बायकांना, जवळजवळ न खाणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका ३५ टक्क्यांनी कमी.

यावर कुणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं, की बदाम खाणारा माणूस मुळात पैसेवाला, सकाळी फिरायला जाणारा, तब्येतीला जपणारा असतो. गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवरचा माणूस आणि अंबडला रात्रपाळी करून येणारा माणूस यांची तुलना करून काय कळणार? शंका रास्त आहे. म्हणून मला २०१५ सालचा एक अभ्यास फार मोलाचा वाटतो. त्यात अमेरिकेच्या दक्षिण भागातले कमी उत्पन्नाचे ७१ हजारांहून जास्त गोरे-काळे लोक होते, आणि चीनमधल्या शांघायचे सव्वा लाखाच्या वर स्त्री-पुरुष. हे लोक मुख्यतः शेंगदाणेच खात होते, कारण ते स्वस्त. त्यांच्यातही सगळ्यात जास्त खाणाऱ्यांचा मृत्युदर सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १७ ते २१ टक्क्यांनी कमी होता, आणि हृदयविकारानं होणाऱ्या मृत्यूंत फरक ठळक होता. आज बदामाचा भाव शेंगदाण्याच्या कितीतरी पट आहे. ज्या घरात बदाम परवडत नाहीत त्या घरानं 'आपल्याला कुठलं जमायचं' म्हणून मागे राहायचं काहीच कारण नाही.

तरीही हे सगळे नोंदी ठेवण्याचे अभ्यास. प्रत्यक्ष प्रयोग केला तो स्पेननं. हृदयविकाराचा धोका असलेल्या ७,४४७ लोकांचे तीन गट पाडले. एका गटाला रोज ३० ग्रॅम मेवा दिला: १५ ग्रॅम अक्रोड, साडेसात ग्रॅम बदाम, साडेसात ग्रॅम हेझलनट. जेवण तिकडच्या पद्धतीचं, भाज्या, कडधान्यं, मासे. साधारण पाच वर्षांत त्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांनी होणारे मृत्यू हे सगळं मिळून तीसेक टक्क्यांनी कमी झालं. २०१३ साली हे छापून आलं. पुढे लक्षात आलं, की काही ठिकाणी गट पाडताना नियम नीट पाळले नव्हते. एकाच घरातल्या माणसांना एकाच गटात टाकलं होतं. तेव्हा २०१८ मध्ये त्यांनी तो लेख मागे घेतला, नव्यानं हिशेब केला आणि पुन्हा छापला. आकडे जवळपास तेच आले, पण भाषा जपून केली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण सुकामेव्याच्या पाकिटांवर स्पेनचा हा अभ्यास मोठ्या अक्षरात येतो आणि मागे घेतल्याचं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडचाही एक प्रयोग सांगते, कारण काजूची बदनामी तर शेंगदाण्याहून जास्त. चेन्नईत मधुमेह असलेल्या ३०० लोकांवर झालेला हा प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. निम्म्यांना १२ आठवडे रोज ३० ग्रॅम साधे काजू दिले. वजन वाढलं नाही, साखर वाढली नाही. वरचा रक्तदाब थोडा उतरला आणि चांगलं कोलेस्टेरॉल वाढलं. साधे काजू हं, तळून मीठ-मसाला लावलेले नव्हेत.

आता वजन. दुकानात सगळ्यात जास्त विचारतात ते हेच, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका. "वहिनी, बदाम खाऊन जाड नाही ना होणार?"

हिशेबानं पाहिलं तर भीती चुकीची वाटत नाही. तेलाच्या एका ग्रॅममागे ९ कॅलरी, प्रथिनं आणि पिष्ट यांच्या ग्रॅममागे ४ असा हिशेब अमेरिकेतल्या ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिला, आणि पाकिटावरचे आकडे आजही त्यावरूनच येतात. त्या हिशेबानं २८ ग्रॅम बदामात १७०च्या आसपास कॅलरी. पण २०१२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी माणसांना प्रत्यक्ष बदाम खायला घालून, शरीराबाहेर काय पडतं तेही मोजलं. तेव्हा अंगी लागलेल्या कॅलरी निघाल्या १२९. (या प्रयोगाला कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाचे पैसे होते, हेही सांगायला हवं. माझ्यासारखाच त्यांचाही धंदा आहे.)

असं का होतं? बदामातलं तेल बारीक बारीक पेशींत कोंडलेलं असतं आणि त्या पेशींच्या भिंती चिवट असतात. आपण कितीही चावलं तरी सगळ्या फुटत नाहीत. न फुटलेल्या पेशी तेलासकट पुढे निघून जातात. अक्रोडातही असाच फरक सापडला, पाकिटावरच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शानं कमी. बदाम भाजले, तुकडे केले तर फरक कमी होत जातो, आणि अगदी लोण्यासारखे वाटले तर उरतच नाही. जिमला जाणारी मुलं पीनट बटरचे मोठाले डबे घेतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते. नेदरलँड्सच्या एका मोठ्या अभ्यासात शेंगदाणे आणि मेवा खाणाऱ्यांचा मृत्युदर कमी दिसला, पण पीनट बटर खाणाऱ्यांत तसा फायदा दिसला नाही. त्यात मीठ, साखर आणि वनस्पती तुपासारखी घट्ट केलेली तेलं मिसळलेली असतात, ते एक कारण असू शकेल.

दुसरं म्हणजे दाणे पोटाला धरतात. मूठभर भाजके दाणे आणि फुटाणे खाल्ले तर जेवणापर्यंत काही लागत नाही. अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास लोकांची वर्षानुवर्षं वजनं नोंदून २०११ मध्ये जो अभ्यास छापला, त्यात रोजच्या खाण्यात एक मूठ मेवा वाढवणाऱ्यांचं वजन दर चार वर्षांत पाव किलोनं कमी भरत होतं. बटाट्याचे वेफर्स वाढवणाऱ्यांचं पाऊण किलोनं वाढत होतं.

पण इथंच मला थांबून सांगावंसं वाटतं. हे सगळं तेव्हाच, जेव्हा दाणे कशाच्या तरी जागी येतात. पोहे, मग चहा-खारी, मग दोन्ही वेळचं जेवण, रात्री दूध, हे सगळं तसंच ठेवून वर 'तब्येतीसाठी' म्हणून वाटीभर काजू-बदाम, असं केलं तर वजन वाढणारच. दाण्यात औषध नाही. ताटातून काय काढलं यावर अर्धा फायदा अवलंबून असतो. सातपूरहून पाळी सुटल्यावर येणारी कामगार मंडळी आधी शेव-फरसाणाचं पाकीट न्यायची. त्यातले दोघं-तिघं आता फुटाणे-शेंगदाणे नेतात. तेच हवंय.

आणि किती खायचे? ३० ग्रॅम म्हणजे नक्की किती, हे कुणाच्या डोळ्यासमोर येत नाही, म्हणून मी काट्यावर वजन करून दाखवते. बदाम साधारण पंचवीस भरतात. अक्रोडाच्या अर्ध्या पाकळ्या पंधरा, म्हणजे सात-साडेसात अख्खे अक्रोड. काजूचं तर सोपं आहे: आमच्या धंद्यात काजूची प्रत आकड्यावरून ओळखतात. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात (साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये) ३२०च्या आत बसणारे काजू. तेव्हा ३० ग्रॅमला ते वीस-एकवीस येतात, आणि डब्ल्यू २४० मोठा असतो, तो पंधरा-सोळा. शेंगदाणे मोजत बसू नका. घुंगरू जातीचा दाणा असेल तर बारीक, जाडा असेल तर मोठा. आपल्या मुठीत मावतील तेवढे, ओंजळीत नव्हे. यातलं एक काहीतरी, किंवा सगळं मिळून एवढं. प्रत्येकाची एक एक मूठ नाही.

अण्णांना दात नाहीत. त्यांना मी बदाम रात्री भिजत घालून देते, कारण मऊ होतात. पण भिजवल्यानं बदामात काही नवीन गुण येतो असं समजू नका, आणि साल काढायचा आग्रह धरू नका. सालीतच चोथा जास्त. दाण्याचं ते कूट खातात. भगर आणि दाण्याची आमटी हे आमच्याकडे उपवासालाच नाही, एरवीही होतं. माझं माहेर मालेगावचं, तिथलं दाण्याचं झिरकं तर सासरी सगळ्यांना इतकं आवडलं, की थंडीत आठवड्यातून एकदा होतंच. भाजलेले दाणे, लसूण, हिरवी नाहीतर लाल मिरची, जिरं, सगळं वाटून फोडणीला टाकायचं आणि पाणी घालून उकळी आणायची. तेल फोडणीपुरतंच, कारण दाण्यांचं स्वतःचं तेल उकळताना वर येतं. बाजरीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

उपवासाचं निघालंच आहे तर सांगते. श्रावणात आणि एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे साबुदाणा आणि शेंगदाणे यांना सारखीच मागणी असते. वजनाच्या भीतीनं लोक खिचडीतलं कूट कमी करतात. अहो, उलट करा! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत. खिचडीत काही सत्त्व असेल तर ते दाण्यांतच आहे. साबुदाणा निम्मा घ्या, दाणे तेवढेच ठेवा, बरोबर काकडी आणि दही.

काही गोष्टी मात्र खरोखर जपायच्या. शेंगदाण्याला ओल लागली तर एक बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. म्हणून काळपट, सुरकुतलेले, हिरवट डाग पडलेले दाणे निवडून टाका. एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंका. कूट करायचंय म्हणून वाईट दाणे खपवणं तर अजिबात नको. अक्रोड घेताना एक पाकळी मोडून आतला रंग बघा. पांढरट असावा. पिवळा-तपकिरी दिसला, वास जुन्या तेलासारखा आला, तर तो खवट झालाय. दुकानदाराला विचारून मोडा, पण मोडाच. चांगला दुकानदार नाही म्हणणार नाही.

दाणे भाजायचे ते मंद आचेवर, जाड बुडाच्या लोखंडी कढईत, तेल न घालता. सुरुवातीला काही होत नाही असं वाटतं. मग सालावर बारीक ठिपके येतात, एखादा दाणा तडकतो, आणि वास बदलतो. तेव्हा एक दाणा काढून गार करून चावायचा, गरम असताना तो मऊच लागतो. आतून फिकट बदामी झाला की गॅस बंद. कढईच्या उष्णतेनं पुढचं होतं. करपलेले दाणे कुणाला आवडतात म्हणून मुद्दाम करपवू नका.

खारे दाणे, मसाला काजू रोजच्या खाण्यात नकोत. दिवसाला मीठ एकूण ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोणचं-पापड खाणाऱ्या आपल्या घरात ती मर्यादा तशीच ओलांडलेली असते. मनुके-बेदाण्यांचंही वेगळं समजा. निफाड-पिंपळगावकडे आपले सगळ्यांचे कुणी ना कुणी द्राक्षवाले असतात, बेदाणे घरी पिशवीनं येतात, आणि 'सुकामेवाच तो' म्हणून मधुमेहाची माणसंही मूठ मूठ खातात. मनुक्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते. दोन-चार चालतील, मूठ नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियम-फॉस्फरसमुळे हे सगळं डॉक्टरांना विचारूनच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच नाही, आणि अगदी लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात; कूट करून द्या. आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर दाणे खाऊन त्या सोडायच्या नाहीत. तक्ता ज्यांनी दिला त्यांनाच तो परत दाखवा आणि सरळ विचारा: डॉक्टर, यात खोबरं आणि शेंगदाणे दोन्ही बंद लिहिलंय, मूठभर भाजके, बिनमिठाचे दाणे चालतील का? अण्णांच्या डॉक्टरांना मी असंच विचारलं. त्यांनी तक्त्यावरचा 'शेंगदाणे' शब्द स्वतःच्या पेनानं खोडला आणि बाजूला 'रोज एक मूठ' लिहिलं.

खरेदीचं एक सांगते. मार्चपासून नाशकातही ऊन तापायला लागतं, आणि सोललेले अक्रोड-बदाम उन्हाळ्यात डब्यात राहिले की महिन्याभरात वास धरतात. घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. स्वस्त मिळतात म्हणून दोन-दोन किलो भरू नका. पाव किलो न्या, संपले की परत या.